वाचनाचा अधिकार कोठून येतो?

शिक्षण संपून, संसार आणि व्यवसाय यांत बरीच वर्षे गेल्यानंतर एखादा माणूस कोणत्याही परीक्षेसाठी नव्हे, तर केवळ आतल्या ओढीने ज्ञानेश्वरी, तुकारामांची गाथा, उपनिषदे किंवा बायबल उघडून बसतो, तेव्हा त्याच्या नकळत एक जुना तात्त्विक प्रश्न पुन्हा उभा राहतो. असा ग्रंथ गुरूवाचून, संप्रदायावाचून आणि पाठशाळेच्या शिस्तीवाचून खरोखर कळू शकतो काय, आणि कळला असे वाचकाला वाटलेच, तर ते ग्रंथाचे कळणे आहे की स्वतःच्याच मनातले ग्रंथावर लादणे आहे, हे त्याने कसे ओळखावे, असा तो प्रश्न आहे. भारतीय शास्त्रपरंपरेने त्याचा विचार ‘अधिकार’ या कल्पनेच्या आधारे केला. प्रवरा आणि गोदावरी यांच्या काठचा अहमदनगर जिल्हा, ज्याला आता अहिल्यानगर हे नाव मिळाले आहे, या चर्चेसाठी विशेष उपयोगी ठरतो. कारण अधिकाराची परंपरागत चौकट येथे गेल्या सातशे वर्षांत वारंवार ओलांडली गेली आणि ज्यांनी ती अर्थपूर्ण रीतीने ओलांडली त्यांनी आपल्यासाठी दुसरी, बहुधा अधिक कठीण, शिस्त स्वीकारली. त्या उदाहरणांवरून असे दिसते की अधिकार ही वाचनाआधी पूर्ण करावयाची अट नसून वाचनातून घडत जाणारी योग्यता आहे. मात्र ती आपोआप घडत नाही, आणि ती घडवण्याची जबाबदारी, गुरू नसेल तेथे, सर्वस्वी वाचकावर येऊन पडते.

शास्त्रग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी स्पष्ट असाव्यात असा संकेत आहे: ग्रंथाचा विषय कोणता, त्याचे प्रयोजन काय, ग्रंथ आणि विषय यांचा संबंध कसा, आणि हा ग्रंथ कोणासाठी आहे, म्हणजे त्याचा अधिकारी कोण. या चार गोष्टींना मिळून अनुबंधचतुष्टय म्हणतात. वेदान्तात अधिकारी ठरवण्यासाठी साधनचतुष्टय सांगितले जाते: नित्य काय आणि अनित्य काय याचा विवेक, भोगांविषयी वैराग्य, शम-दम आदी सहा गुणांची संपत्ती, आणि मुमुक्षुत्व, म्हणजे मुक्त होण्याची तळमळ. या यादीतली एकही गोष्ट जन्मावर अवलंबून नाही आणि एकही गोष्ट पाठांतराने मिळत नाही. तरीही प्रत्यक्ष व्यवहारात वेदाध्ययनाचा अधिकार उपनयनाशी आणि म्हणून वर्णाशी जोडला गेला. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायातील ज्या भागाला अपशूद्राधिकरण म्हणतात, त्यावरील भाष्यात शंकराचार्यांनी शूद्राला वेदपूर्वक विद्येचा अधिकार नाकारला, पण इतिहास-पुराणांच्या श्रवणाचा मार्ग चारही वर्णांना मोकळा असल्याचे मान्य केले. म्हणजे एकाच परंपरेत अधिकाराचे दोन अर्थ शेजारीशेजारी नांदत होते: एक मनाच्या तयारीचा आणि दुसरा जन्माचा. पुढील काळात मराठीत जे घडले ते समजण्यासाठी हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण संतांनी दुसरा अर्थ मोडीत काढताना पहिला मात्र टाकून दिला नाही.

शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, प्रवरेच्या काठी नेवासे येथे, रामदेवराव यादवाच्या राजवटीत ज्ञानेश्वरी पूर्ण झाली आणि सच्चिदानंदबाबांनी तिचे लेखन केले, असे ग्रंथाच्या शेवटी नोंदलेले आहे. गीतेच्या ७०० श्लोकांवरील सुमारे ९००० ओव्यांचा हा विस्तार संस्कृत न जाणणाऱ्या श्रोत्यासाठी होता. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस ज्ञानदेव वेदावर कृपणपणाचा ठपका ठेवतात. तो तीन वर्णांच्याच कानी लागला, स्त्री-शूद्रादिकांपर्यंत पोचला नाही, आणि हे उणे भरून काढण्यासाठीच तो गीतेच्या रूपाने पुन्हा प्रकट झाला, असा त्यांचा विचार आहे. येथे जन्मावर आधारलेला अधिकार स्पष्टपणे बाजूला सारला जातो. तथापि गीतेनेच अखेरीस घातलेली बंधने, म्हणजे जो तपोहीन आहे, भक्तिहीन आहे, ऐकण्याची ज्याला इच्छा नाही आणि जो ईश्वराची निंदा करतो त्याला हे सांगू नये, ही बंधने ज्ञानदेवांनी सैल केली नाहीत. उलट त्यांचा सविस्तर विस्तार केला. दार उघडले गेले ते कोणत्या कुळातून आलास हे विचारणे थांबवून. कोणत्या मनाने आलास हे विचारणे मात्र चालूच राहिले.

या दुसऱ्या प्रश्नाचे ज्ञानदेवांचे उत्तर नवव्या अध्यायाच्या आरंभी येते. तेथे ते श्रोत्यांकडून एकट्या अवधानाची अपेक्षा करतात आणि तेवढे दिल्यास श्रोता सर्व सुखाला पात्र होईल असे प्रतिज्ञेने सांगतात. अवधान म्हणजे विषयावर मन पूर्णपणे आणि सातत्याने लावणे. या विधानातला क्रम महत्त्वाचा आहे. श्रोता आधी पात्र असतो आणि म्हणून त्याला ऐकवले जाते, असे येथे म्हटलेले नाही. तो अवधान देतो आणि त्यामुळे पात्र होतो, असे म्हटले आहे. पात्रता ही ऐकण्याच्या क्रियेतून निर्माण होणारी गोष्ट ठरते. पुढे जे कोणी गुरूच्या प्रत्यक्ष सान्निध्यावाचून ग्रंथाकडे वळले, त्यांच्या वाचनाचे समर्थन या एका विचारात सामावलेले आहे, आणि त्यांच्या वाचनाची कसोटीही त्यातच आहे.

अर्थात नेवाशाचा श्रोता एकटा नव्हता. ग्रंथ कानांनी घेतला जात होता, वक्ता समोर होता, शंका विचारता येत होती, आणि स्वतः ज्ञानदेव निवृत्तिनाथांच्या आज्ञेने बोलत होते. वेदान्तात ज्ञानाच्या तीन पायऱ्या सांगितल्या जातात: गुरुमुखातून ऐकणे म्हणजे श्रवण, ऐकलेल्याचा तर्काने विचार करणे म्हणजे मनन, आणि निश्चित झालेल्या अर्थावर चित्त स्थिर करणे म्हणजे निदिध्यासन. ग्रंथ हस्तलिखितांच्या रूपात होता, पोथी दुर्मिळ होती आणि ती वाचून दाखवणारा लागत होता, तोवर यातली पहिली पायरी अपरिहार्यपणे सामाजिक होती. छापखान्याने ही स्थिती बदलली. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापून काढली आणि शंकर पांडुरंग पंडितांच्या देखरेखीखाली संपादिलेली तुकारामांची गाथा मुंबई सरकारच्या साहाय्याने १८६९ आणि १८७३ या वर्षी दोन भागांत प्रसिद्ध झाली. ज्याला अक्षर येते आणि ज्याच्या हाती पुस्तक पडते, त्याच्यासाठी श्रवणाची पायरी आता एकांतात चढणे शक्य झाले. परंतु छापखान्यानेच एकांतातला वाचक जन्माला घातला, असे समजणे चुकीचे ठरेल. तो त्याच्याही आधी होता, आणि मराठी मनाने त्याला आपल्या सर्वश्रेष्ठ कवीच्या रूपात ओळखले होते.

तुकारामांचे आत्मपर अभंग या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. दुष्काळाने संसार उद्ध्वस्त झाल्यानंतर आणि दिवाळे निघाल्यानंतर, वयाच्या विशीत असलेला हा गृहस्थ देहूच्या परिसरातील डोंगरांवर एकांतात बसू लागला आणि आदर व विश्वास बाळगून त्याने संतांची वचने पाठ केली, असे तो स्वतःच सांगतो. ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ आणि कबीर यांच्या वाणीचे ठसे त्याच्या अभंगांवर स्पष्ट दिसतात. हे अध्ययन कोणत्याही पाठशाळेत झालेले नव्हते. ते एका प्रौढ, कर्त्या, पोळलेल्या माणसाने स्वतः आखलेले अध्ययन होते. त्याच्या अधिकारावर आक्षेप घेतला गेला आणि वह्या इंद्रायणीत बुडवण्याची पाळी आली, ही परंपरेने जपलेली हकिकत अधिकाराच्या दोन अर्थांमधल्या संघर्षाचीच हकिकत आहे. गुरूचा प्रश्न तुकारामांनाही सुटलेला नव्हता. त्यांनी त्याचे जे उत्तर सांगितले ते असे की बाबाजी चैतन्यांनी त्यांना स्वप्नात उपदेश केला, आणि कवित्व करण्याची आज्ञा नामदेवांनी, तीही स्वप्नातच, पांडुरंगासह येऊन दिली.

हाच धागा अहमदनगर जिल्ह्यात राहुरी तालुक्यातील ताहराबाद येथे पुन्हा हाती लागतो. तेथील कुलकर्णी घराण्यातले महिपती (१७१५–१७९०) हे संतांचे मोठे चरित्रकार. १७६२ मध्ये त्यांनी ‘भक्तविजय’ पूर्ण केला आणि त्यानंतर ‘भक्तलीलामृत’ आदी ग्रंथ रचले. चरित्रे आपण मनाने रचलेली नाहीत, तर उत्तरेतील नाभाजी आणि मराठीतील उद्धवचिद्घन यांच्या ग्रंथांचा त्यांना आधार आहे, हे त्यांनी स्वतः नमूद केले आहे. गावाचे दप्तर सांभाळणाऱ्या या गृहस्थाने परभाषेतला ग्रंथ मिळवावा, दोन ग्रंथांतली माहिती एकत्र आणावी आणि आपण कोणाचे ऋणी आहोत हे वाचकाला सांगावे, ही एका स्वतंत्र अभ्यासकाची वागणूक आहे. महिपतींनीही आपले गुरू म्हणून तुकारामांचेच नाव घेतले आणि उपदेश स्वप्नात झाल्याचे सांगितले. तुकारामांचे प्रयाण १६५० मध्ये, म्हणजे महिपतींच्या जन्माच्या ६५ वर्षे आधी झालेले होते.

स्वप्नातल्या गुरूची ही कल्पना केवळ भाविकतेची खूण मानून सोडून देण्यासारखी नाही. गुरुशिष्यसंबंध देहाच्या सान्निध्यावाचूनही घडू शकतो, असे ती सांगते. आणि मृत्यूने, काळाने किंवा जातीने दूर केलेल्या गुरूपर्यंत शिष्याला पोचवणारे साधन बहुतेक वेळा त्या गुरूची वाणीच असते. महिपतींपर्यंत तुकाराम पोचले ते कीर्तनांतून, आठवणींतून आणि अभंगांतून. जो वाचक एखाद्या ग्रंथासोबत इतकी वर्षे राहतो की त्या ग्रंथाचा कर्ता त्याच्या झोपेतही बोलू लागतो, त्याला निगुरा, म्हणजे गुरू नसलेला, म्हणणे कठीण आहे. पण येथे एक सावधगिरीही आवश्यक आहे. स्वप्नात भेटलेला गुरू शिष्याला प्रत्यक्ष गुरूइतक्या सहजपणे अडवू शकत नाही. शिष्याला हवे तेच तो बोलेल, ही शक्यता नेहमीच राहते. तुकाराम आणि महिपती या दोघांच्या बाबतीत ही शक्यता कमी होते, याचे कारण दोघांनीही स्वप्नाबरोबर पाठांतराची, आधार देण्याची आणि पूर्वसूरींसमोर नम्र राहण्याची बंधने पाळली.

जिल्ह्याच्या दक्षिणेस श्रीगोंदे येथे शेख महंमद यांनी १६४५ मध्ये ‘योगसंग्राम’ लिहिला, तेव्हा अधिकाराचा प्रश्न आणखी एका बाजूने पुढे आला. मुसलमान कुळात जन्मलेल्या, सूफी परंपरेशी आणि चांद बोधले यांच्याशी नाते सांगणाऱ्या या कवीने मराठी ओवीत योग आणि वेदान्त यांची परिभाषा अशा सफाईने वापरली की वारकरी परंपरेने त्यांना आपल्या संतमालिकेत स्थान दिले. ज्या ग्रंथपरंपरेत त्यांचा जन्म झाला नव्हता, तिच्यात ते परिश्रमाने शिरले आणि तिच्यातच स्वतःचा ग्रंथ निर्माण करून त्यांनी आपला अधिकार सिद्ध केला. त्यांच्या बाबतीत अधिकार आधी आणि ग्रंथ नंतर, असे म्हणण्यापेक्षा दोन्ही एकमेकांना घडवीत गेले, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

एकोणिसाव्या शतकात याच भूमीत छापील पुस्तकाचे युग आले. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला १८३१ पासून सुरू झाले आणि ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरहूनच निघू लागले. या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे पुढे संपादन करणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा धर्मशोध मुळात एका वाचनातून सुरू झाला होता. राजनांदगावला रेल्वेने जात असताना एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली आणि रोज एक पान वाचण्याचे वचन घेतले. टिळक त्या वेळी संस्कृत जाणणारे, कविता करणारे, स्वतःच्या मतांविषयी आग्रही असे प्रौढ गृहस्थ होते. पहिली पाने त्यांनी केवळ दिलेला शब्द पाळण्यासाठी वाचली; मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी येताच मात्र पुस्तक त्यांच्या हातून सुटेना. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढील आयुष्याचा मोठा काळ नगर व राहुरी येथे घालवला. विशेष असे की परक्या ग्रंथाच्या या वाचनाने त्यांना आपल्या ग्रंथांपासून कायमचे तोडले नाही. उत्तर आयुष्यात ते ज्ञानदेव-तुकारामांकडे नव्या दृष्टीने वळले, ख्रिस्ताकडे आपण तुकारामांच्या मार्गाने आलो असे सांगू लागले आणि अभंग-ओवीच्या वळणाने ख्रिस्ती भक्तिगीते रचू लागले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचे वेतन सोडून ‘देवाचा दरबार’ नावाचा, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारण्याचे काम हाती घेतले. एकट्याने सुरू केलेले वाचन अखेर सोबत शोधू लागते, याचे हे उदाहरण आहे.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचा प्रवास याहून खडतर होता आणि म्हणून याहून बोधप्रद आहे. त्या शाळेत गेल्या नव्हत्या; लग्न अकराव्या वर्षी झाले; अक्षरओळख आणि वाचन त्यांनी संसाराच्या ओढाताणीत, सासरी आल्यानंतर मिळवले. पतीच्या धर्मांतराने त्यांच्यावर जो आघात झाला, त्यातून बाहेर पडण्यासाठी पतीचे पांडित्य त्यांना उसने घेता येण्यासारखे नव्हते. जातिभेद ईश्वरनिर्मित नसून माणसाने केलेला आहे, या निष्कर्षाप्रत त्या स्वतःच्या विचाराने आल्या, आणि १९०० साली राहुरी येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो पाच वर्षांच्या विरोधानंतर आणि विचारानंतर. टिळकांनी ओवीबद्ध ‘ख्रिस्तायन’ आरंभिले होते. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा ते अपुरे होते. त्याचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहून ते पूर्ण केले. ज्या स्त्रीला तारुण्यापर्यंत वाचता येत नव्हते, तिने एका दीर्घ धार्मिक काव्याची रचना ज्या ओवीछंदात केली तो छंद तिला कोणत्याही छंदशास्त्राच्या पुस्तकातून मिळालेला नव्हता. पोथ्या आणि जात्यावरची गाणी ऐकण्याच्या दीर्घ सहवासातून तो तिच्या कानांत आधीच मुरलेला होता. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्राला आज मराठीत अभिजात ग्रंथाचे स्थान आहे. उशिरा वाचक झालेली व्यक्ती स्वतःच इतरांनी वाचावी अशा ग्रंथाची कर्ती झाली, यापेक्षा अधिकार वाचनातून घडतो याचा अधिक स्पष्ट पुरावा देणे अवघड आहे.

नगरच्या भुईकोट किल्ल्याने या विषयाला आणखी एक परिमाण दिले. ९ ऑगस्ट १९४२ रोजी अटक झालेल्या काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना तेथे १९४५ पर्यंत स्थानबद्ध ठेवण्यात आले. १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांत जवाहरलाल नेहरूंनी तेथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. हॅरो आणि केंब्रिज येथे शिकलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या या माणसाला उपनिषदे, गीता, महाभारत आणि बौद्ध विचार यांची ओळख मुख्यत्वे अनुवादांतून आणि बहुतांशी तुरुंगातील वाचनातून झालेली होती, आणि आपल्या संस्कृतच्या उणिवेची त्यांना जाणीव होती. पण ते एकटे नव्हते. त्याच आवारात मौलाना आझाद ‘गुबार-ए-खातिर’मधील उर्दू पत्रे लिहीत होते, आणि आचार्य नरेंद्र देव वसुबंधूच्या ‘अभिधर्मकोश’ या बौद्ध तत्त्वज्ञानाच्या ग्रंथाचे, त्याच्या फ्रेंच अनुवादावरून, हिंदी भाषांतर करीत होते. सहबंद्यांतील या विद्वानांशी झालेल्या चर्चांचे ऋण नेहरूंनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत मान्य केले आहे. बंदिवासाने त्यांना वेळ दिला, पण ज्याच्या भाषेत ग्रंथ मूळचा आहे किंवा ज्याने त्यावर आयुष्य वेचले आहे, अशा माणसाला विचारण्याची सोय ही त्या वेळेपेक्षाही मोलाची होती.

या सर्व उदाहरणांत एक समान गोष्ट आहे. दुष्काळाने होरपळलेले तुकाराम, पतीने धर्म बदलल्याने उन्मळून पडलेल्या लक्ष्मीबाई, तुरुंगात कोंडलेले नेहरू, यांपैकी कोणीही ग्रंथाकडे रिकाम्या मनाने गेले नाही; प्रत्येकाजवळ आयुष्याने उभा केलेला एक प्रश्न होता. ब्रह्मजिज्ञासा कशानंतर निर्माण होते, हा प्रश्न शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांच्या पहिल्याच सूत्रावर भाष्य करताना चर्चेला घेतला आहे. धर्मकर्माचे ज्ञान आधी झालेच पाहिजे, हे मत त्यांनी नाकारले आणि साधनचतुष्टयानंतर, म्हणजे विवेक, वैराग्य आणि तळमळ निर्माण झाल्यानंतर जिज्ञासेची वेळ येते, असे प्रतिपादन केले. हा विचार वेदान्तापुरता मर्यादित न ठेवता पाहिला, तर प्रौढ वाचकाचे वैशिष्ट्य नेमके सांगता येते. विद्यार्थ्याच्या हाती ग्रंथ अभ्यासक्रमामुळे येतो, आणि प्रश्न बहुधा प्रश्नपत्रिकेतून येतात. प्रौढाच्या बाबतीत प्रश्न आधी येतो आणि ग्रंथ त्या प्रश्नाच्या शोधात सापडतो. नित्य आणि अनित्य यांचा विवेक विशीत परिभाषा म्हणून पाठ करता येतो, पण आईवडिलांचे मरण, व्यवसायातले अपयश किंवा मुलांचे दूर जाणे पाहिलेल्या माणसाला ती परिभाषा राहत नाही. इ. स. ३८६ मध्ये मिलान येथे संत ऑगस्टीन यांनी एका मुलाच्या आवाजाने प्रेरित होऊन पौलाचे पत्र उघडले आणि त्यांचे जीवन पालटले, ही हकिकत प्रसिद्ध आहे. परंतु त्या क्षणामागे अनेक वर्षांची अस्वस्थता होती, आणि ती नसती तर तीच ओळ त्यांच्या डोळ्यांखालून इतर ओळींसारखी निघून गेली असती.

मात्र ज्या प्रश्नामुळे प्रौढ वाचक योग्य ठरतो, तोच प्रश्न त्याला अयोग्यही करू शकतो. तीव्र गरजेने वाचणारा माणूस ग्रंथात दिलासा शोधतो आणि दिलासा न देणारी पाने उलटतो. युरोपात सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेने, केवळ धर्मग्रंथ हेच प्रमाण, चर्चची परंपरा नव्हे, अशी भूमिका घेतली, आणि त्यातून सामान्य ख्रिस्ती माणसाला वाचनाचे स्वातंत्र्य मिळाले. पण त्याच ग्रंथाचे परस्परविरोधी अर्थ लावणारे पंथही त्यातूनच निर्माण झाले. विसाव्या शतकातील जर्मन तत्त्वज्ञ हान्स-गेओर्ग गाडामर यांनी असे दाखवले की पूर्वग्रहांवाचून वाचन शक्यच नाही. वाचक आपल्या काळाच्या समजुती घेऊनच ग्रंथाकडे येतो, आणि समजणे म्हणजे त्या समजुती ग्रंथासमोर धोक्यात घालण्याची तयारी. ही तयारी नसेल तर वाचन कितीही दीर्घकाळ चालले तरी ते स्वतःशीच चाललेले संभाषण राहते. गुरुपरंपरेचा खरा आक्षेप येथे आहे आणि तो जन्माधिष्ठित अधिकाराच्या आक्षेपासारखा सहज फेटाळता येत नाही. शिष्याला माहिती देणे हे गुरूच्या कामाचा लहान भाग आहे. तू म्हणतोस ते येथे लिहिलेले नाही, असे सांगणे हा मोठा भाग आहे. एकट्या वाचकाला हे सांगणार कोण?

या आक्षेपाचे उत्तर परंपरेतच आहे, आणि ते अवधानाच्या तीन प्रकारांत मांडता येते. पहिले अवधान पाठाविषयीचे. एकनाथांनी १५८४ मध्ये, शके १५०६ मध्ये, ज्ञानेश्वरीच्या प्रती मिळवून तिचा पाठ शुद्ध केला आणि या ग्रंथात कोणीही आपली ओवी घालू नये असा कडक इशारा अखेरीस दिला. स्वतः समर्थ कवी असलेल्या माणसाने दुसऱ्याच्या ग्रंथासमोर आपली प्रतिभा आवरून धरावी, हा वाचनाचा पहिला नियम आहे. आजच्या वाचकासाठी त्याचा अर्थ असा की सातशे वर्षांपूर्वीच्या मराठीतला शब्द आजच्या अर्थाने घेऊन पुढे जाऊ नये, सार्थ आवृत्ती आणि कोश जवळ ठेवावा, आणि दोन आवृत्त्यांत फरक दिसला तर सोयीचा अर्थ निवडण्यापूर्वी थांबावे.

दुसरे अवधान तात्पर्याविषयीचे. एखाद्या ग्रंथाचा एकंदर अभिप्राय कोणता, हे ठरवण्यासाठी मीमांसकांनी आणि वेदान्त्यांनी सहा खुणा सांगितल्या आहेत, ज्यांना तात्पर्यलिंगे म्हणतात: ग्रंथाचा आरंभ आणि शेवट यांची एकवाक्यता, वारंवार आलेला विचार, अन्यत्र न सापडणारे वेगळेपण, सांगितलेले फळ, स्तुती किंवा निंदेने केलेले समर्थन, आणि युक्तिवाद. ही कसोटी वापरायला गुरूची अनुज्ञा लागत नाही. संपूर्ण ग्रंथ वाचण्याची चिकाटी मात्र लागते, कारण आवडत्या चार ओव्या वेचून घेणाऱ्याला यांपैकी एकही खूण पडताळता येत नाही. पारायणाची रूढी या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखी आहे. सप्ताहाच्या मोठ्या मेळाव्यांपासून गावोगावच्या मंदिरांतील वाचनापर्यंत, ठरलेल्या दिवसांत ग्रंथ पहिल्या ओवीपासून शेवटच्या ओवीपर्यंत वाचण्याचा नियम असतो. अर्थाकडे लक्ष न देता पाने संपवण्याचा दोष त्यात शिरतो हे खरे. पण नावडता, कठीण किंवा कंटाळवाणा भागही गाळू न देण्याचा गुण त्यात आहे, आणि स्वतंत्र वाचकाला नेमका याच गुणाचा तुटवडा असतो.

तिसरे अवधान सोबतीविषयीचे. किल्ल्यातील बंदी, देवाच्या दरबारातील भक्त आणि नेवाशाचे श्रोते यांच्यात काळाचे आणि मतांचे मोठे अंतर आहे, पण तिन्ही ठिकाणी वाचलेले दुसऱ्यासमोर बोलले जात होते आणि दुसऱ्याला त्यावर शंका घेता येत होती. संतपरंपरा ज्याला सत्संग म्हणते, त्याचे ज्ञानविषयक मोल हे आहे: आपल्या अर्थाला आपल्याबाहेरचा साक्षीदार मिळतो. हा साक्षीदार वाचकापेक्षा विद्वान असलाच पाहिजे असे नाही. तो तोच ग्रंथ समोर ठेवून प्रामाणिकपणे असहमत होऊ शकला, तरी पुरते. टीकाग्रंथ, भाष्ये आणि विरोधी मतांची पुस्तके हीदेखील अशीच सोबत आहेत, आणि जवळ माणूस नसलेल्या वाचकाला ती कधीही उपलब्ध असतात.

यावरून गुरूची आवश्यकता संपली असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. तेराव्या अध्यायात आचार्योपासनेचे वर्णन करताना ज्ञानदेव ज्या उत्कटतेने गुरुभक्तीचा विस्तार करतात, तो पाहता त्यांच्या दृष्टीने एकाकी अध्ययन हे पूर्णत्वाचे साधन नव्हते, हे मान्य केले पाहिजे. पण गुरू जे कार्य करतो ते कार्य, म्हणजे वाचकाच्या इच्छेला ग्रंथाच्या म्हणण्यापुढे अडवणे, ज्याला गुरू मिळाला नाही त्याच्यासाठीही आवश्यकच राहते, आणि ते त्याने स्वतःवर घालून घेतलेल्या बंधनांतून अंशतः साधता येते. म्हणून चाळिशीत किंवा साठीत ज्ञानेश्वरी हाती घेणाऱ्या माणसाला, तुला हा अधिकार कोणी दिला, असे विचारणे निरर्थक आहे. तो कोणी देत नसतो. त्याला विचारावयाचा प्रश्न इतकाच आहे की या वाचनात ग्रंथाने त्याचे एखादे ठाम मत कधी मोडले काय. ज्या वाचकाला याचे उत्तर होकारार्थी आणि उदाहरणासह देता येते, त्याच्या अधिकाराविषयी शंका घेण्याचे कारण उरत नाही. ज्याला देता येत नाही, त्याने सर्व संस्कार होऊन पाठशाळेत बारा वर्षे काढली असली, तरी त्याचे वाचन अद्याप सुरू व्हावयाचे आहे.